थकलेले बिल आणि वसुलीचा तगादा

क्रेडिट कार्डाचे बिल थकल्यावर सुरुवातीला येणारे फोन सौम्य असतात. देय तारीख उलटून गेली आहे, लवकर भरा, एवढेच सांगणारा माणूस कॉल सेंटरमध्ये बसलेला असतो. त्याच्यासमोरच्या पडद्यावर खातेदाराचे नाव, थकलेली रक्कम आणि थकलेले दिवस यांखेरीज फारसे काही नसते. तीस दिवस उलटले की खाते पुढच्या गटात जाते, साठ दिवसांनी त्याच्याही पुढच्या. वसुलीच्या धंद्यात या गटांना ‘बकेट’ म्हणतात. नव्वद दिवसांनंतर खाते अनुत्पादक ठरते आणि तोवर ते बहुधा बाहेरच्या एजन्सीकडे सोपवलेले असते. फोनवरची भाषा बदलते ती याच टप्प्यावर. ‘सर’ आणि ‘मॅडम’ गळून पडतात, बोलणे एकेरीवर येते, आणि कचेरीत, शेजारी, सासुरवाडीला फोन जाऊ लागतात.

ग्राहक संघटनांच्या मार्गदर्शन केंद्रांत माणूस येतो तो बहुतेक वेळा इथवर पोचल्यावरच. त्याच्याकडे कागद नसतात, फक्त मोबाइल असतो. नेमके किती देणे आहे हे त्याला सांगता येत नाही. पण कोणत्या दिवशी कोण काय बोलले ते शब्दशः पाठ असते. केंद्रात बसणाऱ्या कार्यकर्त्याचे पहिले काम म्हणजे हे उलटे झालेले प्रमाण सुलट करणे. वसुलीवाल्याचे बळ बोलण्यात असते आणि थकबाकीदाराचे संरक्षण कागदात. तक्रार फोनवरून कागदावर आणली की प्रकरणाचा अर्धा ताप उतरतो, हा या कामातला वारंवार येणारा अनुभव आहे.

वसुली प्रतिनिधी इतका आक्रमक का होतो, हे समजून घेणे उपयोगाचे आहे. दुचाकीवरून पिन कोडवार फिरणाऱ्या या मुलांचा मूळ पगार तुटपुंजा असतो. खरी कमाई वसूल झालेल्या रकमेवरच्या कमिशनची. महिनाअखेर जवळ आली की दबाव वाढतो, कारण खाते पुढच्या बकेटमध्ये घसरले तर एजन्सीचा हिशोब बिघडतो. ‘काका, आजच्या आज दोन हजार टाका, बाकीचं मी बघतो’ असे आर्जव आणि दोन तासांनी त्याच नंबरवरून शिवीगाळ, या दोन्हींचे मूळ एकच असते. फोनवर मिळालेल्या प्रत्येक आश्वासनाची नोंद होते, तिला ‘पीटीपी’ म्हणतात, म्हणजे अमुक तारखेला भरतो असा शब्द. घाबरून दिलेला शब्द मोडला की पुढचा फोन अधिक कडक येतो. म्हणून न पाळता येणारी तारीख कधीही देऊ नये.

रिझर्व्ह बँकेला हे मूळ ठाऊक होते. वसुली प्रतिनिधींविषयीच्या 24 एप्रिल 2008 च्या परिपत्रकात तिने बँकांना बजावले की एजन्सीशी केलेला करार आणि त्यातली प्रलोभने असभ्य किंवा बेकायदा वागणुकीला उत्तेजन देणारी नसावीत. प्रतिनिधींसाठी इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ बँकिंग अँड फायनान्सचा अभ्यासक्रम आणि परीक्षा ठरवून देण्यात आली. त्यात शंभर तासांचे प्रशिक्षण आहे, पदवीधरांना पन्नास तासांचे. हे प्रशिक्षण मनापासून घेतलेला प्रतिनिधी ओळखू येतो. तो आधी ओळख सांगतो, रकमेचा तपशील देतो आणि अडचण विचारतो. अशांशी नीट बोलून मार्ग निघतो, आणि त्यांनाही माणसासारखे वागवले पाहिजे. प्रश्न उरलेल्यांचा आहे, आणि त्यांच्या वर्तनाची जबाबदारी अखेर त्यांना नेमणाऱ्या बँकेवरच राहते.

धमक्यांचा विचार करण्याआधी आकडा तपासावा लागतो. कार्डाची मागच्या वर्षभराची विवरणपत्रे मागवून ती ओळीओळीने वाचणे हे कंटाळवाणे काम आहे, पण त्याला पर्याय नाही. दरमहा साडेतीन टक्के व्याज लागणाऱ्या कार्डावर एक लाख रुपये वर्षभर पडून राहिले, तर नुसत्या चक्रवाढीने ते सुमारे 1 लाख 51 हजार होतात. व्याजावरचा 18 टक्के जीएसटी आणि उशिराचा आकार वेगळा. राष्ट्रीय ग्राहक आयोगाने 2008 मध्ये कार्डावरच्या व्याजाला वार्षिक तीस टक्क्यांची मर्यादा घातली होती. सर्वोच्च न्यायालयाने 20 डिसेंबर 2024 रोजी तो आदेश रद्द केला, त्यामुळे त्या आधारावर आता भांडता येत नाही. मात्र क्रेडिट व डेबिट कार्डांबाबतच्या 21 एप्रिल 2022 च्या निदेशांत रिझर्व्ह बँकेने दोन गोष्टी स्पष्ट केल्या. न भरलेले शुल्क, आकार आणि कर मुद्दलात मिळवून त्यांवर व्याज लावता येत नाही. आणि देय तारखेनंतर तीन दिवसांहून अधिक काळ थकल्याशिवाय दंड लावता येत नाही, की पत माहिती कंपनीला थकबाकीदार म्हणून कळवता येत नाही. एजन्सीने फोनवर सांगितलेला आकडा आणि विवरणपत्रातला आकडा यांत तफावत सापडणे ही नित्याची गोष्ट आहे.

आकडा तपासल्यावर पुढचा प्रश्न असा की हे देणे खरोखर या माणसाचे आहे का, आणि असेल तर सगळे आहे का. ठाणे जिल्ह्यातल्या एका निवृत्त शिक्षिकेचे प्रकरण या दृष्टीने बोलके आहे. तिने कार्ड क्वचितच वापरले होते. सगळी बाकी चुकती करून तिने ते बंद करायला सांगितले, पण फोनवर. कार्ड बंद झालेच नाही. पुढल्या वर्षी वार्षिक शुल्क पाचशे आणि त्यावरचा जीएसटी मिळून 590 रुपये पडले. बिल जुन्या ईमेलवर जात राहिले, त्यावर उशिराचा आकार चढला, मग व्याज, आणि काही हजारांची थकबाकी उभी राहून ती एजन्सीकडे गेली. प्रतिनिधीने तिला फोन केलाच, शिवाय जावयाच्या कचेरीतही केला. बाई पैसे भरून मोकळ्या व्हायला तयार होत्या. देणे खोटे आहे हे त्यांना माहीत होते. जावयासमोर मान खाली गेली, याचे दुःख मोठे होते.

अशा वेळी पैसे भरणे हा सोपा मार्ग वाटतो आणि तो घेतला की तक्रारीचा पाया जातो. त्यांच्या वतीने बँकेच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याला एक पानाचे पत्र गेले. कार्ड बंद करायला सांगितल्याची तारीख दूरध्वनीच्या बिलातल्या नोंदीवरून मिळाली होती, तीही जोडली. 2022 च्या निदेशांनुसार बाकी नसलेले कार्ड बंद करण्याची विनंती सात कामकाजी दिवसांत पुरी करावी लागते, नाही तर पुढच्या प्रत्येक दिवसाला पाचशे रुपये ग्राहकाला द्यावे लागतात, याची आठवण करून दिली. आणि 2008 च्या परिपत्रकातली सर्वांत उपयुक्त तरतूद उद्धृत केली: तक्रार प्रलंबित असताना तिचा निकाल लागेपर्यंत प्रकरण वसुली एजन्सीकडे सोपवायचे नसते, ग्राहक सतत निराधार तक्रारीच करतो आहे असे बँकेकडे पुराव्यानिशी असेल तर गोष्ट वेगळी. फोन थांबले. रक्कम पुढे पूर्ण रद्द झाली आणि तसे लेखी पत्र आले.

या पत्राची घडण सर्वत्र थोड्याफार फरकाने तीच असते. कार्डाचे शेवटचे चार आकडे, वादातली रक्कम, ती का मान्य नाही याचे दोन-तीन वाक्यांत कारण, आलेल्या फोनांच्या तारखा-वेळा-नंबर, आणि शेवटी नेमकी मागणी. पत्र एजन्सीला नव्हे तर बँकेला जाते. शाखेत दिले तर आवक शिक्क्याची पोच घ्यायची, एरवी ईमेल आणि पोचपावतीसह स्पीड पोस्ट. कार्डाबाबतच्या तक्रारीचा खुलासा बँकेने तीस दिवसांत द्यायचा असतो. पत्रात आपली हलाखी सविस्तर लिहिण्याचा मोह होतो. तो टाळलेला बरा, कारण तक्रार विभागातला माणूस तारखा आणि रकमा शोधत असतो आणि त्या करुणेच्या मजकुरात बुडून जातात.

लिहिताना आणखी एक गोष्ट जपावी लागते. 1963 च्या मुदत कायद्यानुसार अशा देण्यासाठी दावा लावायला साधारण तीन वर्षांची मुदत असते. मुदत संपण्याआधी कर्जदाराने सही करून देणे मान्य केले, तर कलम 18 नुसार मुदत नव्याने सुरू होते. काही रक्कम भरून तशी लेखी नोंद केली तर कलम 19 नुसारही. ‘पाचशे तरी टाका’ या आग्रहामागे पुष्कळदा हे कारण असते. मुदतीची वाट पाहत देणे बुडवावे, असा याचा अर्थ नाही. घेतलेले पैसे परत करणे हेच उचित आहे. परंतु आपल्या सहीने काय घडते हे कळल्याशिवाय कोणीही कुठल्याही कागदावर ती करू नये.

आता धमक्या. त्या ठरावीक असतात: पोलीस येऊन उचलतील, वॉरंट निघाले आहे, घरातले सामान बाहेर काढू, पगार बंद पाडू. कार्डाचे बिल न भरणे हा दिवाणी स्वरूपाचा विषय आहे, फौजदारी नव्हे. पोलीस त्यासाठी अटक करत नाहीत, आणि वॉरंट फोनवरून वाचून दाखवले जात नाही. 1980 मध्ये सर्वोच्च न्यायालयात न्या. कृष्ण अय्यर यांनी दिलेला निकाल सांगतो की हुकूमनामा झाल्यावरसुद्धा निव्वळ गरिबीमुळे पैसे न देऊ शकणाऱ्याला तुरुंगात टाकता येत नाही. ऐपत असून बुडवण्याची बदनियत दिसली पाहिजे. सामान जप्त करण्यासाठी आधी न्यायालयाचा हुकूमनामा लागतो. तो असला तरी दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम 60 नुसार आवश्यक कपडे, स्वयंपाकाची भांडी, अंथरूण-पांघरूण, कारागिराची हत्यारे, शेतकऱ्याची अवजारे यांना हात लावता येत नाही; धर्माच्या रूढीनुसार स्त्रीला अंगावरून उतरवता येत नाहीत असे दागिनेही सुटतात, म्हणजे मंगळसूत्र सुरक्षित असते. पगारातले पहिले एक हजार आणि उरलेल्याचा दोन तृतीयांश भाग जप्तीबाहेर राहतो. केंद्रात आलेल्या बायकांना हे कलम वाचून दाखवले की खोलीतली हवा बदलते. भांडीकुंडी रस्त्यावर येणार हे भय त्यांनी महिनोन्‌महिने एकटीने बाळगलेले असते.

इथे एक अपवाद प्रामाणिकपणे सांगावा लागतो. परतफेडीसाठी धनादेश दिला असेल आणि तो खात्यात पैसे नाहीत म्हणून परत गेला, तर पराक्राम्य संलेख अधिनियमाच्या कलम 138 खाली फौजदारी खटला होऊ शकतो. बँक खात्यातून आपोआप हप्ता वळता करण्याचा आदेश नाकारला गेला तर 2007 च्या पेमेंट अँड सेटलमेंट सिस्टिम्स कायद्याच्या कलम 25 खालीही. अशी नोटीस आली तर पंधरा दिवसांच्या आत रक्कम भरण्याची संधी असते. ती हातची घालवू नये आणि वकील गाठावा.

बाकी सगळ्या धमक्यांचे खरे शस्त्र अब्रू हे आहे. ते नवे नाही. मराठी मुलखात पूर्वी धनको ऋणकोच्या दारात उपाशी धरणे धरून बसे. दाराशी माणूस उपाशी बसला असताना घरातल्यांना घास उतरत नसे आणि गावभर बोभाटा होई. 1860 च्या भारतीय दंड संहितेतल्या कलम 508 ने दैवी कोपाचे भय घालून काही करायला लावणे गुन्हा ठरवले, आणि त्याचे उदाहरण म्हणून दारात धरणे धरून बसणाऱ्या माणसाचेच दिले. मे 1875 मध्ये पुणे जिल्ह्यातल्या सुप्याला शेतकऱ्यांनी सावकारांची खतेपत्रे जाळली, कारण तेव्हा कागद सावकाराच्या हातात होता आणि न्यायालय त्या कागदापलीकडे पाहत नव्हते. त्या उठावानंतर 1879 चा दख्खन शेतकरी साहाय्य कायदा आला. आजची स्थिती या बाबतीत तरी पालटली आहे. कर्जदाराच्या बाजूचा कागद आता त्याला स्वतः तयार करता येतो.

रिझर्व्ह बँकेच्या 12 ऑगस्ट 2022 च्या परिपत्रकाने अब्रूच्या या शस्त्रावर बोट ठेवले. सकाळी आठच्या आधी आणि संध्याकाळी सातनंतर थकीत कर्जाच्या वसुलीसाठी फोन करायचा नाही. शाब्दिक किंवा शारीरिक धाकदपटशा, चारचौघांत अपमान, कुटुंबीय, मित्र आणि संदर्भ म्हणून नावे दिलेल्या लोकांच्या खासगी जीवनात घुसणे, मोबाइलवर वा समाजमाध्यमांवर अनुचित संदेश, निनावी किंवा धमकीचे फोन, एकसारखे फोन, खोटी बतावणी, या सगळ्याला मनाई आहे. सूक्ष्म वित्तकर्जांसाठी, म्हणजे महिलांच्या गटांना मिळणाऱ्या छोट्या कर्जांसाठी, ही वेळ आणखी आखूड आहे: सकाळी नऊ ते संध्याकाळी सहा. गटाच्या बैठकीत एका बाईचा हप्ता थकला म्हणून सगळ्यांना बसवून ठेवणे आणि बाकीच्यांना तिच्या घरी पाठवणे, हे खेड्यापाड्यांत घडत आले आहे. तिथे अपमान करणारी तोंडे ओळखीची असतात, म्हणून तो अधिक खोल जातो.

फोनवर बोलताना कमी बोलावे. समोरच्याचे नाव, एजन्सीचे नाव आणि कोणत्या बँकेच्या वतीने फोन केला ते विचारायचे, ते मोठ्याने परत म्हणायचे, लिहून घेतो आहे हे कळू द्यायचे आणि ‘मी बँकेला अमुक तारखेला लेखी कळवले आहे, पुढचे लेखी कळवा’ एवढे सांगून फोन ठेवायचा. शिवीला शिवी देऊ नये. ध्वनिमुद्रणात दोन्ही आवाज येतात. 2008 च्या परिपत्रकानुसार बँकांनी प्रतिनिधींच्या फोनमधील संभाषणाची नोंद ठेवायची असते, त्यामुळे तक्रारीत तारीख-वेळ देऊन ते ध्वनिमुद्रण मागता येते. आपल्या मोबाइलवर केलेले ध्वनिमुद्रण मूळ फोनमध्येच ठेवावे, आणि आलेले संदेश पुसू नयेत.

घरी येणाऱ्याच्या बाबतीत अधिक सावध राहावे लागते, आणि इथे थोडे रेंगाळणे आवश्यक आहे, कारण भीती सर्वांत जास्त दारात वाटते. आलेल्या प्रतिनिधीकडे ओळखपत्र, बँकेचे अधिकारपत्र आणि नोटिशीची प्रत असायला हवी. ती पाहण्याचा अधिकार घरातल्या कोणालाही आहे. दार उघडे ठेवून बाहेरच बोलता येते. घरात घेण्याचे बंधन नाही. पुरुष कामावर गेलेला असताना येण्याची पद्धत आहे, म्हणून घरातल्या स्त्रियांना आणि म्हाताऱ्यांना आधीच सांगून ठेवावे लागते: कागद बघा, नाव लिहून घ्या, सही करू नका, रोख देऊ नका. रोख दिलीच तर पावती तिथल्या तिथे, आणि ती बँकेच्या नावाची. शेजाऱ्यांपासून लपवण्याची धडपड वसुलीवाल्याच्या पथ्यावर पडते. शेजारच्या वहिनींना किंवा सोसायटीच्या सचिवांना एकदा धीर करून सांगितले की ‘बोर्डावर नाव लावीन’ या धमकीत काही उरत नाही. आवाज चढला, दार ढकलले गेले किंवा कोणी आत शिरले, तर 112 वर फोन करावा. पोलीस ठाण्यात अशा तक्रारीची बऱ्याचदा एनसी, म्हणजे अदखलपात्र नोंद होते. तीही घ्यावी, कारण पुढच्या तक्रारीला ती जोडता येते. धमकीसाठी भारतीय न्याय संहितेचे कलम 351 आहे. निनावी फोनवरून दिलेल्या धमकीला त्यात जास्तीची शिक्षा आहे, आणि पोलीस किंवा न्यायालयाचा माणूस असल्याची बतावणी करणे हा कलम 204 खाली स्वतंत्र गुन्हा आहे.

दारात आलेला प्रत्येक माणूस मात्र एजन्सीचा नसतो. पतसंस्थेने महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियमाच्या कलम 101 खाली वसुलीचा दाखला मिळवला असेल, तर कलम 156 खालचा वसुली अधिकारी जप्तीची कारवाई करू शकतो. न्यायालयाचा बेलीफ हुकूम घेऊन येतो. गहाण ठेवलेल्या घराच्या बाबतीत 2002 च्या सरफेसी कायद्याखाली साठ दिवसांची नोटीस आधी येते आणि मग ताब्याची कारवाई होते. या लोकांशी हुज्जत घालणे अंगाशी येते. म्हणून प्रश्न नेहमी हाच विचारायचा की कागद कोणत्या कायद्याखालचा आहे आणि त्यावर सही कोणाची आहे.

मोबाइलवरच्या कर्ज देणाऱ्या अ‍ॅपांची तऱ्हा याहून वाईट आहे. फोनमधली संपर्कयादी आणि छायाचित्रे उचलून, चेहरा दुसऱ्या देहावर चिकटवून ती नातेवाइकांना पाठवणे हा वसुलीचा प्रकार नाही, सरळ गुन्हा आहे. सप्टेंबर 2022 च्या डिजिटल कर्जविषयक मार्गदर्शक तत्त्वांनी अशा अ‍ॅपना संपर्कयादी, फाइल आणि कॉलच्या नोंदींपर्यंत पोचण्यास मनाई केली. अशा वेळी बँकेला पत्र लिहीत बसू नये. 1930 वर सायबर तक्रार करावी आणि नातेवाइकांना आपणच आधी कळवावे.

मृत माणसाच्या बिलाचा तगादा विधवेकडे किंवा मुलांकडे लावला जातो, तो ऐकताना केंद्रातल्या माणसालाही अवघड होते. तेरावा व्हायच्या आत फोन सुरू होतात. पत्नीने हमी दिलेली नसेल तर नवऱ्याच्या कार्डाचे देणे तिचे होत नाही. वारसांची जबाबदारी त्यांच्या हाती आलेल्या मृताच्या मालमत्तेपुरतीच असते. स्वतःच्या पगारातून किंवा दागिन्यांतून ते देणे फेडण्याची सक्ती नसते. मृत्यूच्या दाखल्याची प्रत जोडून एक पत्र बँकेला द्यावे आणि कार्डावर विमा होता का, हेही त्याच पत्रात विचारावे. तो पुष्कळदा असतो आणि कोणी सांगत नाही.

वकिलाच्या नोटिशी आणि मंचांची पत्रे घाबरवणारी दिसतात. त्यांत फरक करता आला पाहिजे. वकिलाची नोटीस हे पत्र असते, त्याला लेखी उत्तर द्यावे. लोकअदालतीची दावापूर्व नोटीस आली तर जरूर जावे: तिथे तडजोड दोन्ही पक्षांच्या संमतीनेच होते, संमती द्यायची सक्ती नसते, आणि बँकेचे अधिकार असलेला माणूस समोर भेटतो. मात्र तिथे झालेला निवाडा अंतिम असतो, त्यावर अपील नसते. म्हणून झेपेल तीच रक्कम आणि तेच हप्ते मान्य करावेत. दूरच्या शहरातल्या लवादाची नोटीस आली तर गप्प बसू नये. एका पक्षाने एकतर्फी नेमलेल्या लवादाला हरकत घेता येते, पण ती लेखी आणि वेळेत. न्यायालयाच्या समन्सकडे दुर्लक्ष केल्यास एकतर्फी हुकूमनामा होतो आणि वर सांगितलेले पुष्कळ संरक्षण निष्फळ ठरते. वकिलाची फी परवडत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरण आहे. स्त्रियांना तिथे उत्पन्नाची अट न लावता मोफत मदत मिळते.

देणे खरे आहे आणि परवडत नाही, अशांची संख्या केंद्रात सर्वांत मोठी असते. नोकरी गेलेली, दवाखान्याचा खर्च झालेला, धंदा बसलेला. त्यांनी पहिल्याच बकेटमध्ये बँकेला लिहून बाकीचे हप्ते पाडून मागितले तर व्याज कमी लागते. थकबाकी जुनी झाल्यावर बँक एकरकमी तडजोडीला तयार होते. तडजोडीत क्रम पाळावा लागतो. आधी बँकेच्या नावपत्रावर पत्र यायला हवे: खाते क्रमांक, ठरलेली रक्कम, भरण्याची तारीख, आणि एवढी भरल्यावर काही देणे राहणार नाही असे स्पष्ट वाक्य. मग पैसे, आणि तेही कार्डाच्या खात्यात. प्रतिनिधीच्या यूपीआयवर नव्हे. तोंडी ‘सेटलमेंट’वर भरलेले पैसे नुसते व्याजात जिरल्याची प्रकरणे पुन्हापुन्हा येतात. तडजोडीने मिटलेले खाते पत अहवालात ‘सेटल्ड’ असे दिसते, पूर्ण भरलेले ‘क्लोज्ड’. पहिल्या शेऱ्याने पुढे घरकर्ज अडू शकते. ज्याला थोडी सवड मिळाली तर पूर्ण रक्कम भरता येईल, त्याने सवलतीच्या लोभाने सेटलमेंट घेऊ नये.

बँकेने तीस दिवसांत उत्तर दिले नाही किंवा उत्तराने समाधान झाले नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येते. 12 नोव्हेंबर 2021 ला सुरू झालेल्या एकात्मिक लोकपाल योजनेने शुल्क न घेता आणि वकिलाशिवाय तक्रार करण्याची सोय केली; माहितीसाठी 14448 हा क्रमांक आहे. त्या योजनेत नुकसानीपोटी वीस लाखांपर्यंत आणि मनस्ताप व छळापोटी एक लाखापर्यंत भरपाई देण्याचा अधिकार लोकपालाला दिला गेला. लोकपालाकडे टिकणारी तक्रार म्हणजे बँकेला दिलेल्या पत्राची पोच, फोनांची तारीखवार यादी, ध्वनिमुद्रण, एनसीची प्रत. यातले काही नसेल तर एक शब्द दुसऱ्या शब्दासमोर उभा राहतो आणि प्रकरण बंद होते. वर्तनाची तक्रार आणि रकमेचा वाद वेगळ्या परिच्छेदांत मांडावा. प्रतिनिधीने शिवीगाळ केली म्हणून देणे माफ होत नाही, आणि देणे आहे म्हणून शिवीगाळ क्षम्य ठरत नाही.

प्रकरण मिटल्यावर महिन्या-दोन महिन्यांनी पत अहवाल मागवून पाहावा. प्रत्येक पत माहिती कंपनीकडून वर्षातून एकदा तो विनामूल्य मिळतो. नोंद चुकीची राहिली असेल तर दुरुस्तीचा अर्ज करावा; तीस दिवसांत दुरुस्ती न झाल्यास पुढच्या प्रत्येक दिवसाला शंभर रुपये भरपाईची तरतूद आहे. जुनी थकीत खाती बँका मालमत्ता पुनर्रचना कंपन्यांना घाऊक विकतात आणि त्या याद्यांत मिटलेली खातीही कधी कधी राहून जातात. मग तीन-चार वर्षांनी, निराळ्या एजन्सीकडून, निराळ्या आकड्यासह पुन्हा फोन येतो. तडजोडीचे पत्र, पैसे भरल्याची नोंद आणि ना-देय दाखला यांच्या प्रती नव्या एजन्सीला आणि मूळ बँकेला पाठवल्यावर तो बहुधा एवढ्यावरच थांबतो. म्हणून हे तीन कागद घराच्या दस्तऐवजांबरोबर ठेवावेत आणि ते कुठे आहेत हे घरातल्या आणखी एका माणसाला सांगून ठेवावे.